टाकीला लागलेली दृष्ट

कुरुळी फाट्यावरून आत वळलं की डाव्या हाताला पत्र्याची एक लांबलचक शेड लागते. तिच्यावर पाटी आहे, पण ती कोणी वाचत नाही. पत्ता विचारला की टपरीवाला सांगतो, "ते विमानाच्या टाक्या धुत्यात ना, तिथं." आता खरं बघता तिथलं मोठं काम टाक्या धुण्याचं नाही, जोडण्याचं आहे. पण जोडणारे सरदारभाई दिवसाकाठी मोजून दहा वाक्यं बोलतात, आणि धुणाऱ्या शालनबाई श्वास घ्यायला थांबतात तेवढ्याच गप्प असतात. त्यामुळे शेडचं नाव धुण्यावरून पडलं. सरदारभाईंना याचं वाईट वाटतं, पण ते सांगायला त्यांच्या दहा वाक्यांत जागा होत नाही.

शालनबाई मूळच्या आष्टी तालुक्यातल्या. नवरा टेम्पो चालवायचा म्हणून त्या भोसरीला आल्या, पुढं मोशीत दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. नवरा आता गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या टेम्पोंना नावं ठेवतो आणि शालनबाई बसने कामावर येऊन उरलेल्या जगाला ठेवतात. बसमध्ये कुणाची सून माहेरी गेली, ती खरंच बाळंतपणाला गेली का भांडून गेली, हे त्यांना सुनेच्या माहेरच्यांआधी कळतं.

शेडचे मालक सोपानराव. जुन्या गावकीतले, जिथं आज ॲसिडचा टब आहे तिथं त्यांच्या लहानपणी गोठा होता. बावीस वर्षांपूर्वी ते दुधाच्या गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या टाक्या करायचे, आणि त्या धुवायला माणूस हवा होता. शालनबाई विचारायला गेल्या. सोपानराव म्हणाले, "बाई, भांडी घासाया येत्यात का?"

"तुमच्या घरची आधी दाखवा," शालनबाई म्हणाल्या, "मग सांगते येत्यात का न्हाई."

सोपानरावांच्या बायकोनं हे आतून ऐकलं, आणि तिनंच शालनबाईंना ठेवून घ्यायला लावलं म्हणतात. सोपानराव ही गोष्ट अजून नाकारतात.

दुधाच्या टाक्यांवरून विमानाच्या टाक्यांवर गाडी आली ती सरदारभाईंच्या हातामुळे. वैमानिक तयार करणाऱ्या एका शाळेची लहान लहान विमानं आहेत. त्यांच्या पेट्रोलच्या टाक्यांना हादरे बसून बसून चिरा जातात, आणि त्या चिरा जोडणं म्हणजे पापडाला ठिगळ लावण्यासारखं काम. सरदारभाई ते करतात. जोडताना फ्लक्स नावाची एक पांढरी पूड लागते. ती नसेल तर ॲल्युमिनियम जुळत नाही, आणि काम झाल्यावर ती मागं राहिली तर तेच ॲल्युमिनियम आतून कुरतडत बसते. आज नाही, उद्या नाही, पण सहा महिन्यांनी, विमान वर असताना. म्हणून जोडकाम झालं की टाकी शालनबाईंच्या ताब्यात.

शालनबाई टाकी कशी धुतात हे बघायला बाहेरची माणसं थांबतात. आधी कढत पाणी. मग लांब दांड्याचा ब्रश आत घालून जोडाच्या कडेकडेनं घासणं. मग सौम्य ॲसिडच्या टबात बुडी, पुन्हा कढत पाणी, आणि शेवटी बॅटरीत घालतात तसलं निर्मळ पाणी. हे सगळं चालू असताना त्या टाकी आडवी, उभी, उताणी, पालथी करत राहतात. पायावर घेऊन तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तशी. त्या तिच्याशी बोलतातही. "थांब ग जरा, कानामागचं राहिलंय," असं एकदा सरदारभाईंनी ऐकलं आणि त्या दिवशी त्यांची अकरा वाक्यं झाली.

बावीस वर्षं शालनबाईंनी "धुतली" म्हटलं की टाकी धुतलेली असायची. टाकीच्या कार्डावर धुण्याच्या रकान्यात त्यांची सही पडायची आणि पुढं कोणी विचारायचं नाही. मग दोन महिन्यांपूर्वी स्वरूपा आली.

स्वरूपा सांगवीची. चष्मा, स्कूटर, आणि छातीशी कायम एक फाइल. विमानवाल्या शाळेनं आता सगळं तपासून, लिहून मागितलं होतं, म्हणून सोपानरावांनी तिला नेमलं. तिच्याजवळ एक तपकिरी बाटली होती. धुऊन वाळलेल्या टाकीत ती मगभर निर्मळ पाणी घालायची, खळखळवून काचेच्या नळीत काढून घ्यायची आणि बाटलीतल्या औषधाचे चार थेंब टाकायची. पाणी जसंच्या तसं राहिलं तर टाकी पास. दुधाळ झालं तर आत फ्लक्स राहिला.

पहिल्या दोन महिन्यांत एकदाही दुधाळ झालं नाही. शालनबाई रोज नळीजवळ जाऊन डोकवायच्या.

"म्याडम, औषध शिळं तर नाही? कधी रंगच बदलंना."

"मावशी, रंग बदलला नाही हेच चांगलंय."

"तेच मन्ले मी. मग कशाला घालायचं?"

स्वरूपा हसून फाइल उघडायची. तिला वाटायचं मावशी चेष्टा करतायत. मावशी चेष्टा करत नव्हत्या. त्यांच्या सहीवर सही करायला कोणीतरी आलं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

अशात एका सोमवारी विमानाच्या शाळेचे एक कॅप्टन शेडमध्ये आले. उंच, गोरे, घाऱ्या डोळ्यांचे. त्यांची एक टाकी तीन ठिकाणी चिरली होती आणि ती सरदारभाईंनी चार दिवस खपून जोडली होती. शिवण अशी बसली होती की बोट फिरवलं तर मोत्यांच्या सरीवरून फिरवल्यासारखं वाटे. शालनबाईंचं धुणं नुकतंच संपलं होतं आणि टाकी तोंड उघडं ठेवून वाळत होती. कॅप्टननी फोनवर फोटो काढले, तोंडातून आत डोकावून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि म्हणाले की अशी टाकी मी आजवर पाहिली नाही.

ते गेल्यावर शालनबाई सरदारभाईंना म्हणाल्या, "किती येळ बघत होता. पापणी नाही हलवली त्यानं."

"चांगलं बोलले की, ताई."

"चांगलं बोलणाऱ्याचीच लागती."

मंगळवारी सकाळी साडेआठला, बाकीचे यायच्या आधी, शालनबाईंनी डब्याच्या पिशवीतून पुडी काढली. मुठीत मीठ आणि सात लाल मिरच्या घेतल्या, आणि टाकीच्या उघड्या तोंडावरून मूठ सात वेळा फिरवली. मोहऱ्या मुद्दाम घेतल्या नव्हत्या. एखादी आत घरंगळली तर पेट्रोलच्या नळीत अडकेल, विमानाचं काम आहे, एवढी जबाबदारी त्यांना कळत होती. मग त्यांनी मूठ पाणी तापवायच्या शेगडीत टाकली. शेगडी ॲसिडच्या टबाला लागूनच, आणि दोन्हींच्या वर एक्झॉस्टचं भलंमोठं धुराडं. मिरच्या तडतडून जळाल्या. ठसका नाही, साधी शिंक नाही. शालनबाईंनी नाक पुढं करून पुन्हा हुंगलं, तरी नाही. मिरची झोंबली नाही म्हणजे दृष्ट केवढी जबर.

दहा वाजता स्वरूपानं चार थेंब टाकले आणि नळीतलं पाणी पांढरं झालं.

"फ्लक्स राहिलाय, मावशी," स्वरूपा हळूच म्हणाली. तिनं फाइलमध्ये "नापास" लिहिलं तेव्हा पेनाचा आवाज शालनबाईंना शेडभर ऐकू गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवशी त्यांनी टाकी पुन्हा धुतली. टपरीवाल्यानं मंगळवारी संध्याकाळी विचारलं की शेडवर कोणी गेलं का, एवढी शांतता होती.

बुधवारी सकाळी त्यांनी दोन मुठी घेतल्या. एक टाकीच्या तोंडावरून, एक आडवी, चारी कोपऱ्यांवरून. मिरच्या चौदा. ठसका नाहीच. दहा वाजता पाणी मंगळवारपेक्षा पांढरं. मंगळवारी पातळ ताक होतं, आता दूध.

आता सोपानराव खाली आले. नळी उजेडात धरून त्यांनी बराच वेळ बघितली, जणू लोण्याचा अंदाज घेत होते.

"बाई, हे काय हाय?"

"मला काय इचारता. बाटलीला इचारा."

"बाटलीला इचारून भागत न्हाई. शनवारी गाडी न्यायला येनार. तवर टाकी पास झाली न्हाई तर ते लोक काम दुसरीकडं नेत्याल. आन् मग तुमी प्याकिंगला बसा. डोळ्यास्नी दिसत न्हाई आसंल आता, वय झालं. आमी दुसरं मानूस बगू."

पॅकिंगला पंखा आहे, खुर्ची आहे, हातात पाणी नाही की ॲसिड नाही. दुसऱ्या कुणाला ती बढती वाटली असती. शालनबाईंना ती कपाळावर शिक्का मारल्यासारखी वाटली. पॅकिंगच्या बायकांना बावीस वर्षं त्यांनीच सांगितलं होतं, "खोक्याला चिकटपट्टी लावायला काय अक्कल लागती ग?" आता त्यांच्यातच जाऊन बसायचं म्हणजे काय ऐकावं लागेल, हे त्यांच्यापेक्षा कुणाला जास्त कळणार.

गुरुवारी सकाळी तीन मुठी. एकवीस मिरच्या मोजण्याच्या घाईत मीठ नेहमीपेक्षा जास्तच सांडलं. दहा वाजता पाणी असं पांढरं झालं की स्वरूपानं बाटली बदलून पुन्हा तपासलं. पुन्हा तेच.

पण स्वरूपा पोरगी हट्टी होती. ती म्हणाली, "मावशी, आज धुणं झालं की मी लगेच तपासते. तुमच्या समोर. वाळायची वाट बघत नाही."

दुपारभर शालनबाई राबल्या. ब्रशचा दांडा मुठीपर्यंत आत. शेवटचं पाणी ओतून झालं तसं स्वरूपानं त्यातलंच नळीत घेऊन थेंब टाकले. पाणी आरशासारखं स्वच्छ. स्वरूपानं नळी त्यांच्या हातात दिली. शालनबाईंनी ती उजेडात धरली, खिडकीत नेली, सरदारभाईंच्या नाकासमोर नाचवली.

"बगा. बगा हो. आता बोला."

"मी कधी काय बोललो," सरदारभाई म्हणाले. ते खरंच होतं.

"पक्की तपासणी उद्या, कोरड्या टाकीची," स्वरूपा म्हणाली. "पण काळजी नको आता."

काळजी नको म्हटल्यावर शालनबाईंना खरी काळजी लागली. एवढं सगळं शेडभर नाचवून दाखवलं, आता सगळ्यांचीच नजर. शुक्रवारी सकाळी त्यांनी एकच मूठ घेतली, शेवटची, निरोपाची. अगदी मनापासून फिरवली.

दहा वाजता पाणी पांढरं.

ह्या खेपेला स्वरूपा नापास लिहून थांबली नाही. ती खुर्चीत बसली, चष्मा काढला, डोळे चोळले आणि मग सावकाश म्हणाली, "संध्याकाळी स्वच्छ, सकाळी पांढरं. म्हणजे फ्लक्स धुण्यात राहत नाहीये. जोडाच्या आत अडकलाय आणि रात्रभरात पाझरतोय. शिवण पोकळ आहे. कापून बघावी लागेल."

तिनं खडूनं शिवणीवर तीन रेघा मारल्या. तीन वाजता कापायचं ठरलं. सरदारभाईंनी रेघांकडं बघितलं, डोळ्यांवरचा जोडकामाचा काळा चष्मा काढून खिशात घातला आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. त्यांनी डबासुद्धा उघडला नाही. त्यात त्यांच्या बायकोच्या, हसीनाभाभींच्या हातची खिमा-चपाती दर शुक्रवारी असते, आणि दर शुक्रवारी शालनबाई लांबूनच तिचा वास घेऊन "आमी माळकरी, नायतर" असं म्हणतात. आज त्यांनी वासही घेतला नाही.

खरं सांगायचं तर शालनबाई सुटल्या होत्या. दोष धुण्याचा नाही, असं स्वरूपाच म्हणाली होती, सोपानरावांच्या देखत. पॅकिंग टळलं होतं. त्यांनी घरी जाऊन देवापुढं साखर ठेवायची. पण त्यांना सरदारभाईंची शिवण माहीत होती. ती पोकळ असणं शक्य नव्हतं. मग रात्रीतून कोणीतरी टाकीला हात लावत होतं. कुणाच्याही घरातलं भांडण बसच्या चार थांब्यांत शोधून काढणाऱ्या बाईच्या डोळ्यांदेखत आपल्याच शेडमधला चोर सुटावा, हे काही त्यांना सहन होईना. त्या तडक फाटकावर गेल्या. तिथं नवनाथ वॉचमन बिस्कीट बुडवून चहा पीत होता.

"नवनाथ, खरं सांगायचं. कोण येतं रं टाकीपाशी?"

"कुनी न्हाई."

"कुनी न्हाई कसं? संध्याकाळी चांगली असती आन् सकाळी बिघडती. काल कुलूप लागल्यापासून आज दहापर्यंत कोण कोण आत गेलं, नावानिशी सांग."

नवनाथनं बिस्कीट गिळलं. "तुमीच."

"मी सोडून."

"तुमी सोडून कुनीच न्हाई. कॅमेऱ्यात बगतो की मी रोज. साडेआठला येता, पिशवीतनं काढता, मूठ फिरवता, शेगडीत टाकता, नाक पुढं करून हुंगता, जाता. आज एकच मूठ हुती. काल तीन."

शालनबाई आत आल्या आणि स्वरूपाच्या टेबलाशी जाऊन उगाच फाइलीवरची धूळ पुसू लागल्या.

"म्याडम, ते तुमचं औषध. ते फ्लक्स सोडून आणखी कशानं पांढरं होतं का?"

"मिठानं होतं," स्वरूपा मान वर न करता म्हणाली. "फ्लक्समध्ये जे असतं तेच मिठात असतं. चिमूटभर पुरतं. घामानंसुद्धा होतं, म्हणून तर हातमोजे घालते मी."

"चिमूटभर."

"त्याहून कमी."

घड्याळात सव्वादोन झाले होते. तीन वाजता कटर लागणार. उद्या मीठ टाकलं नाही की टाकी आपोआप पास होईल, कुणाला काही कळणार नाही, हा विचार शालनबाईंच्या मनात आला नाही असं नाही. आला, बसला, त्यानं पाणीही मागितलं. पण उद्यापर्यंत शिवण उरत नव्हती. बाहेर बाकावर सरदारभाई चपलेच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत बसले होते. त्यांच्या पाठीचा तो वाकलेला भाग बघून शालनबाईंना आपल्या तोंडात मिठाचा खडा धरल्यासारखं झालं. सांगितलं तर पॅकिंग नक्की. नुसतं पॅकिंग नाही, वर हसंही.

त्यांनी पदर खोचला.

"म्याडम, शिवण कापू नका. मीठ मी टाकलंय."

स्वरूपानं मान वर केली. "काय टाकलंय?"

"मीठ. म्हंजे टाकलं नाही, उतरवलं. दृष्ट काढत होते. त्या कॅप्टनची लागलेली. मंगळवारपसनं." एवढं झाल्यावर बाकीचं एका दमात आलं. "मोहऱ्या नव्हत्या त्यात. नळीत अडकत्याल म्हणून मोहऱ्या नव्हत्या घेतल्या. मीठ काय, मीठ तर पाण्यात इरघळतं, त्यानं काय व्हायचं म्हणलं. आन् मिरची झोंबंना, मग रोज वाढवत गेले."

स्वरूपानं विचारलं, "मिरच्या कुठं जाळत होता?"

"त्या शेगडीत."

"मावशी, वर एक्झॉस्ट आहे. ॲसिडची वाफ ओढून नेतो तो. मिरची कशी झोंबेल?"

शालनबाईंनी वर धुराड्याकडं बघितलं. बावीस वर्षं त्याच्याखाली उभ्या राहिल्या होत्या. "बया," त्या म्हणाल्या, आणि स्टुलावर बसल्या.

स्वरूपाला हसू आवरेना. ती फाइल तोंडापुढं धरून हसली, फाइल खाली पडली, मग उघड उघड हसली. आवाज ऐकून सोपानराव आले, सरदारभाई आले. सगळं पुन्हा सांगावं लागलं. सोपानराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला.

"बाई, आवो चार दिस. चार दिस त्या लोकांचे फोन घेतोय मी. न्हाई, आता प्याकिंगच. आमाला न्हाई परवडत."

शालनबाई मान खाली घालून उठल्या. पिशवी घ्यायला वळल्या. पण स्वरूपानं फाइल उचलून आपली नेहमीची पानं उलटायला सुरुवात केली होती.

"सर, एक बघा. मंगळवारी मीठ पडलं, त्यांनी धुतलं. बुधवारी दुप्पट पडलं, धुतलं. गुरुवारी तिप्पट. आणि गुरुवारी संध्याकाळी मी तपासलं तेव्हा पाण्यात काहीच नव्हतं. तीन दिवसांचं मीठ, फ्लक्स, सगळं गेलेलं. असं धुणारं दुसरं माणूस कुठून आणणार तुम्ही? मला नाही माहीत."

सोपानराव नळीकडं बघू लागले. सरदारभाईंनी खिशातून काळा चष्मा काढला, शर्टाला पुसला. "ताईंना इथंच राहू द्या," ते म्हणाले. "पॅकिंगच्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांनी काय वाईट केलंय कुणाचं."

सोपानराव शेवटी हसले.

टाकी पुन्हा धुतली गेली. शनिवारी साडेआठला शालनबाई आल्या त्या पिशवी फाटकावर नवनाथकडं देऊन. दहा वाजता पाणी स्वच्छ. अकराला गाडी टाकी घेऊन गेली. मग स्वरूपानं धुण्याच्या कागदावर नवी पायरी घातली, तेरावी: "तपासणी होईपर्यंत टाकीजवळ मीठ आणू नये." आणि सहीसाठी कागद शालनबाईंपुढं ठेवला.

शालनबाईंनी तो दोनदा वाचला. "आणू नये म्हंजे कुणी?"

"कुणीच."

"असं नाही चालायचं. वाचणाऱ्याला वाटंल, आणलं असंल त्या सरदारभाईनी. त्यांना आधीच लई ताप झालाय माझ्यापायी. नाव घाला."

"मावशी, हा कागद विमानवाल्यांकडं जातो. तुमचीच शोभा होईल."

"होऊ दे. बाकीच्या बारा पायऱ्या पण माझ्याच हायत की, तिथं कुठं घातलंय नाव? इथं तरी घाला."

स्वरूपानं थोडा वेळ पेन चावलं आणि मग घातलं. त्यामुळे त्या शेडच्या फाइलीत, ॲसिडचं प्रमाण आणि पाण्याचं तापमान असल्या कोरड्या ओळींच्या खाली, आज एक ओळ आहे: "तपासणी होईपर्यंत शालनबाई यांनी किंवा इतर कोणी टाकीजवळ मीठ आणू नये." तपासायला बाहेरून साहेब आले की बोट ठेवत ठेवत तेराव्या पायरीपाशी थांबतात आणि चष्म्यावरून स्वरूपाकडं बघतात. तेवढ्यात शालनबाई हात पुसत टबाकडून त्यांच्याकडं निघालेल्या असतात, कारण ती गोष्ट पोरीला नीट सांगता येत नाही.